डबाभर खाडीचा गाळ

२ फेब्रुवारी १९७४, वाशीम

पोचलो. अकोल्याला गाडी बदलताना हमालानं डबा डोक्यावर घेतला आणि चार पावलांत खाली ठेवला. म्हणाला, “साहेब, याच्यात काहीतरी मेलं हाय.” मेलं नाही, जिवंत आहे म्हणूनच वास येतो, हे त्याला समजावायचं होतं, पण गाडी सुटायला आली होती. डबा मीच उचलला.

डब्यात रत्नागिरीकडच्या खाडीचा गाळ आहे. दुसऱ्या हातात काचेची बरणी होती, तिच्यात समुद्राचं पाणी आणि आजगावकर सरांनी दिलेलं गवत. समुद्रात उगवणारं खरं गवत, शेवाळ नव्हे. त्याला मुळं आहेत, गाळातून सरपटत जाणारं खोड आहे, फूलसुद्धा येतं. पानं बोटाच्या पेराएवढी. सर मला एम.एस्सी.ला शिकवत होते तेव्हापासून एका खाडीच्या फाट्यात ते या गवताकडे लक्ष ठेवून आहेत. त्या बाजूला दुसरीकडे कुठे त्यांना ते सापडलेलं नाही. आता तिथे धक्क्यासाठी भराव पडतो आहे. होळीनंतर काही उरणार नाही.

“तीन वाटे केलेत,” सर म्हणाले. “एक मुंबईला, एक पुण्याला, एक तुला.”

“सर, वाशीम समुद्रापासून केवढं लांब आहे.”

“म्हणूनच. तिथे कुणी भराव घालणार नाही.”

गवत कशात लावायचं ते विचारलं तर म्हणाले, “मला ठाऊक नाही. तुम्ही तिघं आपापल्या अकलेनं लावा. एकाचं तरी जगेल.”

घरी आल्याबरोबर बाईनं डबा उंबऱ्यावर अडवला. आईला आम्ही घरात बाईच म्हणतो, वडिलांना बापूजी.

“यात जीव हायेत का?”

“आहेत.”

“मंग घरात कायले आनले? उद्या मेले म्हंजे पाप कोनाले?”

बापूजी दुकानातून आले होते, ते मधे पडले, तेव्हा डबा मागच्या पडवीत गेला. तारामतीनं, माझ्या बायकोनं, जागा झाडून ठेवली होती. गेल्या श्रावणापासून ती फारसं बोलत नाही. पण आज बरणी खिडकीच्या उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहत राहिली.

५ फेब्रुवारी

टाकी तयार आहे. लोखंडी अँगलची चौकट, चार बाजूंना काच, सांध्यांना पुट्टी, हवा सोडायला मुंबईहून आणलेला छोटा पंप. समुद्राचं पाणी मागच्याच महिन्यात बुधल्यांतून रेल्वेनं आलं होतं. आता प्रश्न एकच: तळाला काय घालायचं?

डब्यातला गाळ हे सरळ उत्तर. पण खाडीत भरती-ओहोटी असते, पाणी बदलतं. इथे तीन फुटांची काचेची पेटी. गाळाच्या पोटात हवा नसते. तो कुजला तर विषारी वायू सुटेल आणि एका रात्रीत सगळं जाईल. पैनगंगेची वाळू निरुपद्रवी. सतरा पाण्यांनी धुतली की तिच्यात कुजण्यासारखं काही उरत नाही. वाळूवर व्हिनेगर टाकून पाहिलं, थोडी फसफसली, म्हणजे चुनाही आहे. बरंच झालं.

ही सगळी कारणं शास्त्रीय आहेत. खरं कारण असं की मी गाळाला घाबरतो.

दुपारी शालिकराम भाजी घेऊन आला. गावाबाहेर त्याचा मळा आहे. आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही हे त्याला ठाऊक, बाकी सगळं त्याच्याच मळ्यातलं येतं. मी वाळू धूत होतो ते उभा राहून पाहत होता.

“वाळूत काय उगते, मास्तर? टरबूज. काळी माती टाका अन् वरून शेणखत द्या. दगडाले बी पाला फुटन.”

संध्याकाळी गवत वाळूत लावलं. गाळ डब्यातच आहे, त्यावर बोटभर समुद्राचं पाणी ठेवलं. चार काड्या एका बरणीत शालिकरामच्या मातीतही लावल्या, खतासकट. वाळूच्या भरवशावर पूर्ण राहवेना.

२६ फेब्रुवारी

शालिकरामची बरणी फेकावी लागली. पाणी चहासारखं झालं, वर फेस, काड्या काळ्या. त्याला सांगितलं तर म्हणाला, “खत नवं होतं. जुनं पायजे होतं.” त्याची खात्री काही ढळली नाही.

वाळूतलं गवत मेलं नाही, पण पिवळं पडत चाललं आहे. खोड उचलून पाहिलं. नवी मुळं नाहीत. वाळू स्वच्छ आहे, इतकी स्वच्छ की तिच्यात खायला काही नाही. पाहुण्याला चकचकीत ताट वाढावं आणि ताटात काही नसावं, तसं झालं.

१० मार्च

आता गाळच.

उकळून घालावा की तसाच? उकळला तर कुजणारं आधीच मरेल. मोठं पातेलं मागायला गेलो तर बाई चुलीपुढे आडवी उभी राहिली. “माह्या चुलीवर हे होनार नाई. पानी गाळून गरन्यातले जीव आपन इहिरीत परत सोडतो, अन् तू डबाभर उकडाले निंगाला?” मी म्हटलं, बाहेर दगड मांडून उकळतो. ती म्हणाली, “बाहीर उकडले म्हंजे काय ते मरनार नाईत?”

मी दगड मांडले नाहीत. पण तिच्यासाठी मी थांबलो असं लिहिणं खोटं होईल. सरांनी शेवटी डबा हातात देताना त्यावर हात ठेवून क्षणभर उचलूच दिला नव्हता, ते आठवलं. नुसत्या मातीसाठी माणूस असं करत नाही.

कच्चा गाळ घातला. तळाला चार बोटं, वर पाणी गढूळ होऊ नये म्हणून वाळूचा पातळ थर. दिवसभर काही दिसेना. मी तिथेच बसलो.

३० मार्च

नवीन पान. एक नाही, ठिकठिकाणी. हिरवं, ओलं, बारीक. गाळाच्या वर काचेला लागून किड्यांची बारीक बिळं दिसतात. पानांवर दुपारी बुडबुडे धरतात आणि सुटतात.

आटलेल्या पाण्याची भरपाई तारामती करते. काचेवर मी रेघ मारली आहे. पाणी रेघेखाली गेलं की गाळून उकळलेलं, थंड झालेलं गोडं पाणी ती वाटीनं सोडते. हात इतका हलका की गाळ हलत नाही. आज मला म्हणाली, “हे किडे दिवसा कुठं जातात?” गेल्या श्रावणानंतर तिनं आपणहून मला काही विचारलं असेल तर हेच.

१४ एप्रिल

सरांचं पत्र. मुंबईचं गवत गेलं. तिथल्या माणसानं धुतलेली वाळू वापरली होती. खाडीच्या फाट्यावर आता मुरूम पडला आहे, त्यावरून ट्रक जातात. पुण्याचं अजून आहे, तिथल्यानं गाळ उकळून घेतला होता. पत्र वाचत पडवीत आलो तर तारामती तोंडाला पदर लावून खांबाला धरून उभी. तिला ओकारी झाली होती.

“वास येते,” ती म्हणाली.

“कसला?”

“याचा. टाकीचा.”

मी नाक काचेला लावलं. खाडीचा असतो तेवढाच वास. पण माझं नाक त्याला सरावलेलं आहे, तिचं नाही. ऊन वाढतं आहे. गाळ आतून कुजायला लागला असेल का?

१९ एप्रिल

रोज सकाळी तारामतीला विचारतो, वास येतो का. रोज येतो. मला येत नाही. माझ्याजवळ वायू मोजायचं उपकरण नाही, तिचं नाक हेच उपकरण. आणि ते दिवसेंदिवस जास्त दाखवतं आहे. आता तो वास तिच्या डोक्यातच बसला असावा, कारण हिंगाची फोडणी पडली तरी ती स्वयंपाकघरातून उठून जाते. जेवण तुटलं आहे. कैरी मिठाला लावून तेवढी खाते. पाणी घालायला मीच जातो.

बाईनं आज सांगितलं, टाकी घरातून काढ.

“कुठे नेऊ? कॉलेजच्या खोलीवर पत्रा आहे. दोन दिवसांत शिजेल.”

“कुठंबी ने. घरात जीवहत्या होऊन राह्यली.”

“अजून एकही किडा मेलेला नाही, बाई. उलट वाढले आहेत.”

“मंग वाढून मरतीन.”

मी अहिंसेवर तिच्याशी अर्धा तास वाद घातला. उकळू नको म्हणणारीही तूच आणि काढ म्हणणारीही तूच, हे दाखवून दिलं. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, आतल्या खोलीच्या दाराकडे होतं. धर्माच्या बाबतीत तिच्याशी तर्क चालत नाही.

८ मे

आजपासून देशभर रेल्वेचा संप. मी मुंबईहून नवं पाणी मागवलं होतं. ते निघालं की नाही, निघालं असेल तर भुसावळला पडलं आहे की कुठे, कोणी सांगू शकत नाही. स्टेशनवर गेलो तर फलाटावर कुत्री झोपलेली आणि बाहेर पोलीस.

म्हणजे आता टाकीत जे पाणी आहे तेच. बिघडलं तर बदलायला थेंबही नाही. कॉलेजला सुटी आहे, त्यामुळे दिवसभर घरात, टाकी आणि मी. गवत हिरवं आहे. पण मुंबईचंही आठवडाभर आधी हिरवंच होतं, असं सरांनी लिहिलं आहे.

११ मे

तारामती पडवीच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. टाकीपासून चार हातांवर. डोक्याला लागलं नाही. बाईनं गल्लीतल्या बायकांना बोलावलं, मग डॉक्टरीणबाई आल्या. दार लावून घेतलं. मी बाहेर. बापूजी दुकान बंद करून आले, तेही बाहेर. डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या, “अशक्तपणा आहे. जपा.” मी विचारलं, एखाद्या वायूमुळे असं होऊ शकतं का? त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “तुम्ही जरा बायकोजवळ बसा.”

बसलो. ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, “तुमी टाकीजवळ जा. मी बरी हाय.”

हे सगळं मी घरात आणलं. दुसरं काही कारण असू शकत नाही. गाळ सडतो आहे, आणि मला ते कळत नाही कारण मला कळून घ्यायचं नाही.

१२ मे

आज केलं ते जसं केलं तसं लिहितो.

सकाळी पंप बंद करून पाणी बादल्यांत काढलं. खुरप्यानं गाळ काढायला घेतला, उजव्या बाजूनं. ठरवलं होतं, गवत सोडवून पुन्हा वाळूत लावायचं आणि गाळ गावाबाहेर नेऊन टाकायचा. गवत सुटेना. खोडं एकमेकांत विणली गेली होती, मुळं गाळात खोल उतरली होती. ओढली तर तुटत होती. मी ओढत गेलो. खालचा काळा थर वर आला आणि पहिल्यांदा मला तो वास आला, सडक्या अंड्यांचा, नाकात जाळ होईल असा. मला वाटलं, बघा, हेच. मी आणखी घाईनं खणलं. अर्धी टाकी रिकामी झाली.

बाई दारात उभी होती.

“हे काय करून राह्यला, खेमा?”

“गाळ काढतो आहे. तारामतीला याचीच बाधा झाली आहे.”

ती पायरीवर बसली. म्हणाली, “बाधा गिधा काई नाई. तिले दिवस हायेत. तिसरा चालू हाय.”

माझ्या हातात खुरपं होतं.

“मला का नाही सांगितलं?”

“मागच्या खेपेस पयल्याच महिन्यात सांगतलं होतं. तू कॉलेजात पेढे वाटले. मंग श्रावनात काय झालं ते तुले ठावं हाय. दिसन त्या बाईनं तिले इचारलं. या खेपेस तीच म्हने, तिसरा सरेपर्यंत कोनालेच नाई. तुले बी नाई.”

“आणि तू जीवहत्या म्हणत होतीस ते?”

“ते बी खरंच हाय. पन तिले या वासानं मळमळते, हे तुले कसं सांगू? म्हनून धर्माचं काढलं. तुले कोनतं बी कारन चाललं नाई.”

मी आत गेलो. तारामती उठून बसली होती. तिनं माझे काळे हात पाहिले आणि तिला कळलं.

“तुमी रोज इचारत होते, वास येते का, म्हनून मी सांगत होती,” ती म्हणाली. “मले तर सगळ्याचाच वास येत होता. साबनाचा, अंगनाचा, तुमच्या सदऱ्याचा. तेवढं काहून नाई इचारलं?”

१५ मे

तोडलेलं गवत वाळूच्या बादलीत लावलं होतं. त्यातलं एकही धरणार नाही, पानं काचेसारखी पारदर्शक होत चालली आहेत. टाकीतलं उरलेलं, डाव्या बाजूचं, अजून गाळात आहे, पण पाणी गढूळ आहे आणि ढवळलेल्या गाळाचा वास आता खराच घरभर आहे. तारामती माडीवरच्या खोलीत, खिडक्या लावून. या उन्हात.

टाकी घरात राहणार नाही. हे बाईनं नव्हे, मी ठरवलं. बाई उलट म्हणाली, “एक डाव चुकला त्याचं काय एवढं, राहू दे कोपऱ्यात.” शालिकरामला विचारलं. मळ्यात विहिरीजवळ आंब्याची सावली आहे, छपरी आहे. वीज नाही. म्हणजे पंप नाही. पंपाशिवाय पाण्याला हवा देणारं गवतच, आणि घाण खाऊन टाकणारे गाळातले जीवच. ते राहिले असतील तर.

“आना उद्या बंडीवर,” शालिकराम म्हणाला. “पन मेलं तर मले बोल लावू नोका. मी पयलेच काळी माती म्हनलो होतो.”

१६ मे

उजाडताना टाकी बैलबंडीवर चढवली, खाली कडबा, पाणी बादल्यांत आणि घरातल्या सगळ्या घागरींत. काढलेला गाळही बरोबर घेतला. बापूजी बंडीमागून चालत होते. आयुष्यात प्रथमच त्यांनी दुकान उशिरा उघडलं.

मळ्याच्या वळणावर चाक नालीत गेलं. टाकी एका बाजूला कलली आणि गंजलेल्या अँगलमधून पुट्टी सुटली. आधी थेंब, मग धार. गाळ कडेनं पिळवटून बाहेर येऊ लागला. मी दोन्ही हातांनी सांधा दाबून धरला. शालिकराम बैलांना ओरडत होता. विहिरीशेजारी गुरांना पाणी पाजायची जुनी सिमेंटची डोणी होती, कोरडी. मी म्हटलं, तीत घाला.

सीताबाई, शालिकरामची बायको, वाफ्यातून पळत आली आणि डोणीसमोर उभी राहिली. “खाराचं पानी याच्यात नाई. डोनीले बारीक चीर हाय. वाफ्यात गेलं तर माह्या मिरच्या जळतीन. जमीन जळन.”

तिचं खरं होतं. खाऱ्या पाण्यानं मातीचं काय होतं हे मी वर्गात शिकवतो. माझ्या बोटांमधून पाणी जात होतं.

“सीताबाई, चीर बुजवतो. झिरपलं तर मी स्वतः डोणी फोडून टाकतो.”

“फोडून काय फायदा, पानी गेल्यावर?”

मग तिनं काचेतून आत पाहिलं. गवत एका बाजूला झुकलं होतं, हिरवंगार. ती बाजूला झाली. कुणाकडे न बघता म्हणाली, “टाका लवकर.”

चीर डांबरानं बुजवली. फळ्यांवरून गाळ जेवढा अखंड निघाला तेवढा अखंड सरकवला, सुटा गाळ कडेला, वर पाणी. जुनी डोणी आहे, सिमेंटमधला चुना केव्हाच धुऊन गेला असेल. एवढा एकच विचार मला शास्त्रीय म्हणून सुचला. बाकी सगळं घाईत झालं.

१ जून

संप मिटला. टपाल साचून आलं. सरांचं पत्र: पुण्याचंही गेलं. उकळलेल्या गाळात ते वाढलंच नाही, जागच्या जागी विरघळलं. खाली एकच ओळ: “तुझं कसं आहे ते कळवू नकोस, मी विचारणार नाही. असेल तर पावसाळ्यानंतर येईन.”

पत्र घेऊन मळ्यात गेलो. सावलीसाठी सीताबाईनं डोणीवर तुराट्यांचा तट्टा टाकला आहे, उन्हाचे कवडसे पडतील एवढा विरळ. पाणी निवळलं आहे. तळ दिसतो. गवत आहे, थोडं आहे. जगात ते असेल दुसरीकडे. पण त्या खाडीतलं आता या डोणीत आहे तेवढंच, आणि अर्धं मी माझ्या हातानं तोडलं आहे. आता माझ्याजवळ बदलायला काही नाही. वाळू नाही, नवं पाणी नाही, वीज नाही. फक्त गाळाला हात न लावणं एवढंच करता येतं. ते मला सगळ्यांत अवघड जातं आहे. खुरपं मी शालिकरामला देऊन टाकलं.

तारामती आज खाली अंगणात येऊन बसली. वरण-भात जेवली. मी विचारलं, माझ्या सदऱ्याचा वास येतो का अजून? “येते,” ती म्हणाली, आणि थोडी हसली.

१९ जुलै

दुपारी कोसळला. कॉलेजमधून सायकल काढली आणि भिजत मळ्यात गेलो. गोडं पाणी भरून डोणी वाहू लागली तर खारटपणा जाईल, गवत जाईल, आणि वाहिलेलं पाणी मिरच्यांत.

पोचलो तेव्हा सीताबाई आणि शालिकराम छपरीचा पत्रा उपसून डोणीवर ओढत होते. मी एक कोपरा धरला. वाऱ्यानं पत्रा दोनदा उडाला. शेवटी त्यावर नांगराचं लाकूड ठेवलं. तोवर एक कड वाहिलीच होती.

२८ जुलै

डोणीलगतची मिरच्यांची पूर्ण ओळ वाळली. पानं कडेनं जळल्यासारखी. मी सीताबाईसमोर उभा राहिलो. डोणी फोडायचा शब्द दिला होता, तो आठवण करून द्यायला मी कचरत होतो, आणि तिनंही काढला नाही.

“मिरच्या तर गेल्या,” ती म्हणाली. “आता तुमचं गवत तरी जगवा. दोन्ही गेलं तर मंग कायले केलं हे?”

शालिकराम त्या ओळीत चर खणून विहिरीचं पाणी सोडत होता, खार धुऊन जावा म्हणून. संध्याकाळपर्यंत मीही खणलं. हातांना फोड आले. पाण्याची चव पाहिली. खाडीपेक्षा अळणी आहे. पावसाळ्यात खाडीही अळणी होतेच, असं स्वतःला सांगितलं.

२५ ऑगस्ट

मी तोडलेल्या बाजूच्या सुट्या गाळात, जिथे काही नव्हतं, तिथे पानं आहेत. खोड जुन्या भागातून गाळाखालून आलं आहे. पाहून आधी मी इकडेतिकडे पाहिलं. सांगायला जवळ कोणी नव्हतं. मग सीताबाईला हाक मारली. ती म्हणाली, “एवढंसं? मले वाटलं फूल गिल आलं.” पण कमरेत वाकून पाहत राहिली.

२२ सप्टेंबर

सर आले. स्टेशनवर मी त्यांना ओळखलंच नाही, इतके वाळले आहेत. हातात रिकामा डबा आणि ओलं गोणपाट.

दोन खाड्या सोडून दक्षिणेला त्यांनी एक फाटा पाहिला आहे, तसाच चिखल, तशीच भरती. तिथे गवत लावायचं आहे. आता उशीर केला तर पुढच्या वर्षी आपल्याला जमेल न जमेल, असं म्हणाले. घरी चहा घेतला नाही, थेट मळ्यात.

तट्टा काढला. सर डोणीच्या काठाशी बसले. मग बाही वर सारून हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, आणि बोटं गाळात रोवून तशीच ठेवली.

“हा माझाच गाळ,” ते म्हणाले. “काय केलंस याला?”

मी मे महिन्यातलं सगळं सांगितलं. वासाचं, तारामतीचं, खुरप्याचं. सर डोणीकडे बघत ऐकत होते.

“मी सगळं न्यायला आलो होतो. इथे ठेवून काय करायचं, असं वाटत होतं. आता अर्धं नेतो.” मग म्हणाले, “तू काप. मी डबा धरतो.”

“मी नको, सर. मागच्या वेळी मीच तोडलं.”

“म्हणून तर.”

शालिकरामनं धार लावलेलं खुरपं दिलं. या वेळी गवत धरलं नाही. चारी बाजूंनी गाळ कापला, तळाला सिमेंट लागेपर्यंत, आणि खाली पत्र्याचा तुकडा सरकवून वडीच्या वडी उचलली, किड्यांसकट, काळ्या थरासकट. वास आलाच. सीताबाईनं नाकाला पदर लावला, पण बाजूला गेली नाही. डब्यात वडी बसली. वर डोणीतलंच पाणी, त्यावर गोणपाट.

अकोल्याच्या गाडीत सरांनी डबा बाकावर शेजारी ठेवला आणि त्याच्याभोवती हात टाकून बसले. समोरच्या बाईनं तोंड वळवलं. गाडी हलली तेव्हा सर म्हणाले, “पुढच्या वेळी मी येईन असं धरू नकोस. तूच ये.”

२९ सप्टेंबर

तारामती कारंज्याला माहेरी गेली. सातवा सरत आला. बसस्टँडवर तिचे भाऊ घ्यायला आले होते. बाईनं तिच्या हातात एवढ्या पुड्या दिल्या की तिला निरोपाला हलवायला हात मोकळा नव्हता. बस निघताना तिनं खिडकीतून विचारलं, “मळ्यात जाऊन राह्यले ना आज?” मी म्हटलं, “नाही, आज घरीच.” ती म्हणाली, “जा. घरी बसून काय कराल?”

६ ऑक्टोबर

सरांचं अजून काही कळलं नाही.

डोणीत कापलेल्या जागी चौकोनी खड्डा आहे. तळाचं सिमेंट दिसतं. शालिकराम म्हणाला, “मोकळं कायले ठेवता? वाळू टाकू का पाटीभर? नाईतर आता तरी काळी माती टाकून पाहा, जुनं खत हाय माह्याजवळ.” बराच वेळ विचार केला. कोणती चांगली, किती जाडीची, धुतलेली की न धुतलेली. मग म्हटलं, “नको. राहू द्या तसंच.”

खड्ड्याची एक कड ढासळून थोडा गाळ आत सरकला आहे. त्याच बाजूनं गवताचं एक खोड कडेपर्यंत येऊन हवेत, म्हणजे पाण्यात, लोंबकळतं आहे. त्याच्या टोकाला पान नाही, पांढरं मूळ आहे, खाली वळलेलं. अजून तळाला पोचायचं आहे.